‘इम्प्रूव्हमेंट’ आणि आपली ‘सुधारणा’

शासकीय टिपण्या, ठराव आणि योजनांची नावे यांत ‘सुधारणा’ या शब्दाइतका राबणारा दुसरा शब्द क्वचितच सापडेल. रस्त्याची सुधारणा होते, वस्तीची होते, जमिनीची होते, अधिनियमातही होते. बियाणे सुधारित असते, अंदाजपत्रक सुधारित असते आणि वेतनश्रेणीही सुधारित असते. विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘सुधारणेस वाव आहे’ असा शेरा पडतो, आणि वाट चुकलेल्या मुलांना पूर्वी जेथे पाठवीत त्या संस्थेलाही सुधारगृहच म्हणत. या प्रत्येक ठिकाणी मूळ इंग्रजी शब्द मात्र निराळा आहे. कोठे तो ‘इम्प्रूव्ह’ आहे, कोठे ‘अमेंड’, कोठे ‘रिफॉर्म’, तर कोठे नुसताच ‘रिव्हाइज’. मराठीत येताना या सर्वांना आपण एकच अंगरखा घातला. त्यामुळे लिहिणाऱ्याची सोय झाली. वाचणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची झालीच असे म्हणता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका ग्रामसभेस उपस्थित राहण्याचा प्रसंग आला होता. विषयपत्रिकेवर ‘वस्ती सुधारणा’ असा विषय होता. ग्रामसेवकांनी ठराव वाचताच मागे बसलेल्या एक वृद्ध बाई उठून म्हणाल्या, “भाऊसाहेब, सुधारायला आमचं बिघडलंय काय?” सभेत हशा पिकला. परंतु बाई हसविण्यासाठी बोलल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा मुंबईस एका झोपडपट्टीत राहत असे. तेथे हाच शब्द येऊन गेला आणि त्यानंतर त्याची खोली जागेवर राहिली नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. वस्तीतील आणखी चार-पाच जणांनी तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला. गटारे, नळ आणि विजेचे खांब यांसाठी आणलेला ठराव त्या दिवशी तहकूब झाला.

बाईंची समजूत चुकीची होती, असे म्हणून हा प्रसंग सोडून देता आला असता. पण ज्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर म्हणून ‘सुधारणा’ तेथे योजला गेला, त्या ‘इम्प्रूव्हमेंट’चा इतिहास पाहिला, तर त्यांची शंका सर्वस्वी निराधार नव्हती असे दिसून येते.

शब्दाचे मूळ : नफा

‘इम्प्रूव्ह’ याचा संबंध ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करणे या क्रियापदाशी असावा असे वरवर पाहता वाटते. तसा तो नाही. त्या शब्दाच्या सहवासाने केवळ लेखन तसे झाले. मध्ययुगात इंग्लंडच्या न्यायालयांत आणि जमीनदारांच्या दप्तरांत नॉर्मन वळणाची फ्रेंच भाषा चालत असे. तीत ‘प्रू’ म्हणजे लाभ, नफा. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ होता ‘नफ्यास लावणे’. जमीन नफ्यास लावणे, विशेषतः पडीक वा गायरान जमिनीला कुंपण घालून ती लागवडीस आणणे आणि तिचा खंड वाढविणे, हा या शब्दाचा जुना व्यवहारी अर्थ होय. ‘अधिक चांगले करणे’ हा आज सर्वत्र रूढ असलेला अर्थ त्यानंतर, सतराव्या शतकात स्थिरावला.

म्हणजे या शब्दाच्या पोटात आरंभापासूनच एक प्रश्न दडलेला आहे: नफा कोणाचा? मराठी ‘सुधारणे’ या क्रियापदात हा प्रश्न नाही. त्यात निराळाच प्रश्न आहे, तो म्हणजे दोष काय होता, हा. ‘सुधारणे’ म्हटले की आधी काही तरी वाकडे, अशुद्ध किंवा बिघडलेले होते असे आपण गृहीत धरतो. ग्रामसभेतील बाईंनी नेमके हेच विचारले होते.

इंग्रजीत हा भेद फार पूर्वी नोंदला गेला आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश प्रकाशित केला. त्यात ‘इम्प्रूव्ह’चा अर्थ देताना ते बजावतात की, वाईट गोष्टीला लावावयाचे क्रियापद ‘अमेंड’ हे होय. ‘इम्प्रूव्ह’ करावयाची असते ती मुळात चांगली असलेली गोष्ट. पुढे हा नियम इतका काटेकोर राहिला नाही हे खरे. तरीही इंग्रजी कानाला तो आजही जाणवतो. मद्यपी मनुष्य व्यसन सोडतो तेव्हा तो ‘रिफॉर्म’ होतो. अभ्यासू मुलीचे हस्ताक्षर अधिक वळणदार होते तेव्हा ते ‘इम्प्रूव्ह’ होते. मराठीत आपण दोहोंविषयी ‘सुधारले’ असेच म्हणतो. इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य देऊन पाहावे. नियमाच्या व्याख्येपेक्षा ते लवकर समजते.

शिक्षकांसाठी येथेच आणखी दोन गोष्टी नमूद करतो. हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही; आपल्या ‘सुधारणे’प्रमाणेच. प्रकृती सुधारते आणि आपण हस्ताक्षर सुधारतो, हे दोन्ही प्रयोग त्या एकाच शब्दाने होतात. मात्र त्यापुढे ‘ऑन’ हे अव्यय आले की अर्थ सरकतो. ‘इम्प्रूव्ह ऑन’ म्हणजे आधीच्या कोणा एकापेक्षा सरस करून दाखविणे. एखाद्या खेळाडूने स्वतःच्या जुन्या विक्रमावर मात केली, तर हा प्रयोग शोभतो. मराठीत त्याला ‘वरताण करणे’ हा शब्द जवळचा आहे. जुन्या इंग्रजीत वेळ ‘इम्प्रूव्ह’ करणे असाही प्रयोग असे. त्याचा अर्थ वेळ सुधारणे नव्हे, तर वेळ सार्थकी लावणे. तेथे जुना ‘नफ्यास लावणे’ हा अर्थच डोकावतो.

कुंपणे आणि मेंढ्या

इंग्लंडमध्ये या शब्दाला खरे वजन आले ते जमिनीच्या प्रश्नामुळे. १६९० च्या सुमारास जॉन लॉक या तत्त्वज्ञाने असे प्रतिपादन केले की, जो मनुष्य जमीन कसतो आणि ‘इम्प्रूव्ह’ करतो तिच्यावर त्याची मालकी उत्पन्न होते. हा विचार कष्टकऱ्याच्या बाजूचा दिसतो. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, जी जमीन कोणी या अर्थाने ‘इम्प्रूव्ह’ केलेली नाही, जिच्यावर गावाची गुरे चरतात आणि जेथून गरीब सरपण आणतात, ती जणू कोणाचीच नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश संसदेने सामायिक जमिनींना कुंपण घालण्याचे हजारो स्वतंत्र कायदे संमत केले. उत्पन्न वाढले, पिकांचे फेरपालट सुरू झाले, गुरांच्या जाती सुधारल्या. हे सारे खरे आहे. ज्यांची एक गाय त्या सामायिक कुरणावर जगत असे त्यांची गाय गेली, हेही तितकेच खरे आहे. आर्थर यंग हे या शेतीसुधारणेचे मोठे पुरस्कर्ते. १७९३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश कृषी मंडळाचे ते सचिव होते. त्यांनीच १८०१ मध्ये पुस्तिका लिहून, कुंपणांमुळे गरिबांचे नुकसान झाले असून पडीक जमिनीतून त्यांना वाटा द्यावा, असे मांडले. पुरस्कर्त्यानेच असे लिहावे याला महत्त्व आहे.

स्कॉटलंडच्या उत्तर डोंगराळ भागात याहून कठोर प्रकार घडला. सदरलंडच्या विस्तीर्ण जहागिरीत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हजारो कुळांना आतल्या खोऱ्यांतून उठवून समुद्रकिनारी वसविण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर मेंढपाळीचे मोठे मळे करण्यात आले. या कारवाईला जहागिरीच्या कागदोपत्री जे नाव होते ते ‘इम्प्रूव्हमेंट’. पॅट्रिक सेलर या जहागिरीच्या कारभाऱ्यावर घरे जाळल्याच्या आणि मनुष्यवधाच्या आरोपावरून १८१६ साली खटलाही चालला. तो निर्दोष सुटला. त्याच काळात दक्षिणेत श्रीमंतांच्या बंगल्यांभोवतालची उद्याने नव्या धर्तीने आखून देणारे लोक स्वतःस ‘इम्प्रूव्हर’ म्हणवून घेत. जेन ऑस्टिन यांच्या १८१४ च्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ या कादंबरीत या हौसेची चांगलीच खिल्ली उडविलेली आहे. म्हणजे एकाच वेळी, एकाच शब्दाने, कोठे बाग आखली जात होती आणि कोठे घरावरचे छप्पर उतरविले जात होते.

खंडाच्या मापाने मोजलेली सुधारणा

हा शब्द भारतात आला तो राज्यकर्त्यांच्या महसुली विचारांबरोबर. १७९३ च्या कायमधारा पद्धतीमागे अशी अपेक्षा होती की, सारा कायमचा ठरला की बंगालचे जमीनदार इंग्लंडमधील जमीनदारांप्रमाणे जमिनीत भांडवल घालतील. ती फोल ठरली. मुंबई इलाख्याची वाट निराळी होती. येथे शासनाचा व्यवहार थेट रयतेशी होता, आणि १८३६ पासून इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड व विंगेट यांनी ज्या पाहणीचा पाया घातला तीत मुदतबंद आकारणी होती. मुदत संपल्यावर आकार पुन्हा ठरे. अशा वेळी शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली असेल तर तिच्यामुळे वाढलेल्या उत्पन्नावर सारा वाढवावयाचा काय? वाढविला तर विहीर कोण खणील? १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने याचे स्पष्ट उत्तर दिले: धारकाने स्वखर्चाने केलेल्या ‘इम्प्रूव्हमेंट’मुळे झालेली मूल्यवाढ फेरआकारणीत धरावयाची नाही. आपल्या महसुली कायद्यातील या एका तरतुदीने या शब्दातील ‘नफा कोणाचा’ या प्रश्नाला शेतकऱ्याच्या बाजूने उत्तर दिले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने शेतकऱ्यांस शासकीय कर्जाची शिफारस केली आणि तीतून दोन कायदे झाले. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जांचा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जांचा. गावात दोन्हींना ‘तगाई’ हेच नाव पडले. पहिला विहिरी, बांध, तळी अशा टिकाऊ कामांसाठी, दुसरा बी-बियाणे, बैल अशा हंगामी गरजांसाठी. १८८३ च्या कायद्यातील व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. जमिनीचे ‘खंडमूल्य’ ज्याने वाढते असे कोणतेही काम म्हणजे ‘इम्प्रूव्हमेंट’, असे ती म्हणते आणि मग विहिरी, तलाव, पाण्याचा निचरा, पुरापासून संरक्षण, कुंपण इत्यादींची यादी देते. विहिरीत पाणी किती आले, घरात धान्य किती आले, हे तिचे माप नाही. जमीन दुसऱ्यास लावून दिली तर किती येतील, हे तिचे माप आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या दप्तरातील नफा सहा-सातशे वर्षांनी आमच्या तालुका कचेरीत असा अवतरला.

याच्याशेजारी १९४८ चा मुंबईचा कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम ठेवावा. त्यातही ‘सुधारणा’ या शब्दाची व्याख्या आहे. पण तेथे माप खंडाचे राहिलेले नाही, जमिनीच्या मूल्याचे झाले आहे. काम त्या जमिनीस साजेसे आणि ती ज्या प्रयोजनासाठी धारण केली आहे त्यास अनुरूप असले पाहिजे, अशी अट आहे. आणि मुख्य म्हणजे ही सुधारणा कुळाने केली असेल व त्याची कूळवहिवाट संपुष्टात आली, तर त्याला भरपाई मागता येते. मात्र शेतकरी नेहमीच्या मशागतीत जी लहानसहान सपाटी, तात्पुरते पाट किंवा बांध करतोच, ती कामे या व्याख्येतून वगळलेली आहेत. कित्येक कुळांना ही मेख कळली ती वाद उभा राहिल्यावर. वर्षानुवर्षे दगड वेचून ज्याने शेत केले त्याच्या मते ती सुधारणाच असते. कायद्याच्या मते ती कदाचित नित्याची मशागत ठरते.

या दोन कायद्यांनी मराठीत एक गमतीची पंचाईत करून ठेवली आहे. ‘जमीन सुधारणा’ म्हणजे काय? १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम हा बांधबंदिस्ती आणि मृदसंधारणाविषयी आहे; तेथे मातीची सुधारणा अभिप्रेत आहे. पण कूळ कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कमाल धारणा मर्यादा यांनाही आपण ‘जमीन सुधारणा’च म्हणतो, तेथे मूळ शब्द ‘रिफॉर्म’ आहे आणि सुधारावयाचे आहेत ते जमिनीवरील माणसांचे परस्परसंबंध. एकात बांध घालावयाचा, दुसऱ्यात मालकी बदलावयाची. एखाद्या व्याख्यानात वा निबंधात हा शब्द आला आणि मागेपुढे संदर्भ नसला, तर श्रोत्याने काय समजावे? पहिल्यास ‘भूसुधार’ आणि दुसऱ्यास ‘जमीनविषयक सुधारणा’ असे वेगळे म्हणण्याची प्रथा पाडता येण्याजोगी आहे.

शहरातील सुधार

मुलाची खोली गेली असे ज्या बाई सांगत होत्या, त्या मुंबईकडे आता वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. दाट, कोंदट चाळी हे रोगाचे घर आहे, अशी राज्यकर्त्यांची खात्री झाली. १८९८ च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या संपादन करणे, त्यांतून रुंद रस्ते काढणे, नव्या जागा विकसित करणे आणि कष्टकऱ्यांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे ही त्याची कामे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्याने काढले. दादर आणि माटुंग्याची आखीव वसाहत त्याच्याच योजनांचे फळ आहे. ज्याने त्या सावलीच्या रस्त्यांवरून एकदा तरी फेरफटका मारला असेल, तो या कामाला नावे ठेवणार नाही. पण आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. रस्त्याच्या रेषेत आलेली कुटुंबे शेजारच्या, आधीच दाटलेल्या चाळींत शिरली. दादर-माटुंग्याला राहावयास गेला तो बहुतांशी मध्यमवर्ग. पुढे १९३३ साली ट्रस्टचे काम महानगरपालिकेत विलीन झाले.

या पद्धतीवर त्याच काळात टीका करणारा एक समर्थ मनुष्य होता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ साली भारतात आले आणि गावोगाव फिरले. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. वस्ती सुधारावयाची म्हणजे सरळ रेषेत पाडत जाणे नव्हे. एखादे मोडके घर काढून अंगण मोकळे करावे, बुजलेले तळे साफ करावे, गल्लीची वळणे राखावीत, हा त्यांचा आग्रह. शस्त्रक्रियाच करावयाची तर अवयव राखून करावी, अशा आशयाची उपमा ते देत. इंदूर शहरासाठी त्यांनी १९१८ मध्ये दिलेला अहवाल या दृष्टीने आजही वाचला जातो.

‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ हे नाव पुढे अनेक शहरांनी उचलले. विदर्भातील वाचकांना १९३६ च्या कायद्याने नागपूरला आलेला ट्रस्ट परिचित आहे. त्याचे मराठी नाव ‘नागपूर सुधार प्रन्यास’. ‘सुधारणा’ऐवजी ‘सुधार’ आणि ‘ट्रस्ट’साठी ‘प्रन्यास’ ही जोडी तेथील बोलण्यात इतकी रुळली आहे की, भाषांतर जड असले तरी वापराने ते घासून गुळगुळीत होते, याचे ते चांगले उदाहरण ठरावे.

स्वातंत्र्यानंतर झोपडपट्टीचा प्रश्न वाढला आणि १९७१ साली महाराष्ट्राने त्याविषयी अधिनियम केला. त्याच्या नावातच कंसात तीन शब्द आहेत: सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास. हे तीन समानार्थी शब्द नव्हेत. ते तीन निराळे मार्ग आहेत. सुधारणा म्हणजे झोपड्या आहेत तेथेच ठेवून नळ, शौचालये, गटारे, फरसबंद वाटा आणि दिवे देणे. निर्मूलन म्हणजे इमारती पाडून क्षेत्र मोकळे करणे. पुनर्विकास म्हणजे त्या जागी नवे बांधकाम. सत्तरच्या दशकात पहिल्या मार्गाने कामे झाली. १९८५ च्या जागतिक बँकेच्या साहाय्याच्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात त्यास ‘अपग्रेडेशन’ हे नवे नाव मिळाले. त्यात केवळ नळ न देता रहिवाशांच्या सहकारी संस्थांना जमीन भाडेपट्ट्याने देण्याची कल्पना होती. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि भर पुनर्विकासाकडे गेला. कायद्याच्या पुस्तकात हे शब्द स्वतंत्र खणांत बसलेले असतात. वस्तीत जेव्हा पाहणीचे लोक फीत घेऊन येतात तेव्हा कोणता खण उघडला आहे हे रहिवाशाला कोणी सांगतेच असे नाही. ग्रामसभेतील बाईंच्या मुलाच्या बाबतीत मधल्या शब्दाचा अंमल झाला असावा. त्यांच्या स्मरणात मात्र पहिलाच शब्द राहिला, कारण तोच आधी उच्चारला गेला होता.

सुधारले म्हणजे बरे झाले काय?

मराठीत ‘सुधारणा’ या शब्दाला आणखी एक रंग चढला आहे तो एकोणिसाव्या शतकातील चळवळींचा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८८७ साली सामाजिक परिषद सुरू केली, गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि सुधारक व सनातनी असा पक्षभेद घराघरांत पोहोचला. त्याच काळातील लेखनात पाश्चात्त्य देशांना ‘सुधारलेली राष्ट्रे’ म्हटलेले आढळते. म्हणजे सुसंस्कृतता या अर्थानेही हा शब्द वापरला जाई. पुढे १९०९ आणि १९१९ च्या राजकीय ‘सुधारणा’ आल्या. या सर्व वापरांमुळे शब्दाला एक नैतिक उंची आली. म्हणूनच एखाद्या वस्तीला उद्देशून तो योजला की, आपण मागासलेले, आपल्यात खोट आहे, असा ध्वनी ऐकणाऱ्यास येतो. ‘दलित वस्ती सुधार योजना’ या नावाने अनेक वर्षे परिचित असलेल्या योजनेच्या नव्या नावात ‘विकास’ हा शब्द आला. हा बदल केवळ फॅशनचा नव्हे, असे माझे मत आहे.

कायद्यातील ‘अमेंडमेंट’ ही तर निराळीच बाब. वृत्तपत्रे ‘घटनादुरुस्ती’ म्हणतात, अधिकृत मराठीत ती ‘सुधारणा’ असते. पण त्यात मूळ मजकूर अधिक चांगला झाला असा निर्वाळा नसतो. तो बदलला एवढेच. १९७६ च्या बेचाळिसाव्या सुधारणेने संविधानात जे फेरफार केले त्यांपैकी अनेक १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या सुधारणेने मागे घेतले. दोन्हींचे नाव ‘सुधारणा’च. ‘एन्हान्स’ या शब्दाबाबतही सावध असावे. कोशात तो सुधारण्याच्या शब्दांशेजारी बसलेला दिसतो, पण त्याचा गाभा ‘वाढविणे’ हा आहे. भूसंपादनाचा मोबदला ‘एन्हान्स’ झाला तर शेतकऱ्यास आनंद होईल. अपिलात शिक्षा ‘एन्हान्स’ झाली तर कोणास होणार? ‘अमिलिओरेट’ हा शब्द कष्ट, दैन्य, दुरवस्था यांच्यापुरता राखून ठेवावा. त्यास ‘सुसह्य करणे’ हा प्रतिशब्द अनेक ठिकाणी अधिक प्रामाणिक ठरतो.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ‘रिव्हाइज्ड’ या अर्थी येणाऱ्या ‘सुधारित’ने. ग्रामपंचायत सदस्यांना खरीप हंगामातील पैसेवारीचा क्रम ठाऊकच आहे: आधी नजरअंदाज पैसेवारी, नंतर सुधारित, आणि शेवटी अंतिम. पावसाने ओढ दिली, पीक करपले, तर नजरअंदाजात साठाच्या वर असलेली पैसेवारी सुधारित आकड्यात पन्नासच्या आत येते. पीक बिघडले म्हणून पैसेवारी सुधारली! शेतकरी या विसंगतीवर हसत नाही, कारण त्या खाली आलेल्या आकड्यावर त्याच्या सवलतींची आशा असते. येथे ‘फेरतपासलेली’ हाच खरा अर्थ आहे. अंदाजपत्रकाचेही तसेच. सुधारित अंदाजपत्रकात खर्चाला कात्री लागलेली असू शकते.

बांधकामाच्या कागदांत ‘दुरुस्ती’ आणि ‘सुधारणा’ यांतील भेद तर पैशाचा आहे. रस्त्याची दुरुस्ती म्हणजे खड्डे भरणे, वाहून गेलेल्या बाजूपट्ट्या नीट करणे, होता तसा रस्ता पुन्हा करणे. सुधारणा म्हणजे रुंदीकरण, मजबुतीकरण, नव्या मोऱ्या, म्हणजे होता त्याहून वरच्या दर्जाचा रस्ता. दोहोंचा निधी बहुधा निराळ्या लेखाशीर्षातून येतो. ठरावात ‘रस्त्याची सुधारणा व्हावी’ असे मोघम लिहिले आणि गावाला हवे होते फक्त खड्डे बुजविणे, तर प्रस्ताव मोठ्या कामांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही. डॉ. जॉन्सन यांनी सांगितलेला भेद आमच्या बांधकाम शाखांनी त्यांचा कोश न वाचता पाळला आहे, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

ज्या ग्रामसभेचा आरंभी उल्लेख केला तिची पुढची बैठक महिन्याभराने भरली. या वेळी ग्रामसेवकांनी ‘सुधारणा’ हा शब्द मजकुरातून काढून टाकला होता. योजनेचे नाव वर तसेच ठेवून खाली कामे लिहिली होती: वस्तीच्या दोन्ही गल्ल्यांत गटार, दोन नळकोंडाळी, विजेचे सहा खांब, मुख्य वाटेवर खडीकरण, आणि त्याखाली एक ओळ, की या कामासाठी कोणाचेही घर वा ओटा हलविण्यात येणार नाही. ठराव वाचून झाल्यावर त्या बाई पुन्हा उठल्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, दोन नळकोंडाळ्यांपैकी एक ओढ्याच्या अलीकडे हवे. पावसाळ्यात बायांना हंडे घेऊन पलीकडे जाता येत नाही. ग्रामसेवकांनी तेवढे वाक्य समासात वाढविले, सरपंचांनी त्यावर सही केली, आणि ठराव संमत झाला.